घरात बायपोलर आहे, नैराश्य आहे. मुलांना होईलच का?

"बायपोलर आजार ८० टक्के आनुवंशिक असतो." इंटरनेटवर शोधायला बसलं की हे वाक्य पाचव्या मिनिटाला समोर येतं. ते खोटं नाही. पण ज्या घरात हा आजार आहे तिथे ते वेगळंच वाचलं जातं: आईला आहे, म्हणजे दहातल्या आठ मुलांना होणार. त्यावरून ठरलेली लग्नं मोडतात, झालेल्या लग्नांत मूल नको असा निर्णय होतो, आणि गोळ्यांची पाकिटं पाहुणे यायच्या आत कपाटात जातात.

आता दुसरा आकडा पाहा. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची जन्मापासूनची नोंद असते आणि ती रुग्णालयांच्या नोंदींशी जोडता येते. २०१० मध्ये तिथल्या सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आई-वडिलांपैकी कोणालाच बायपोलर नसेल, तर वयाच्या ५२ व्या वर्षापर्यंत तो होण्याचं प्रमाण ०.४८ टक्के निघालं. एकाला असेल तर ४.४ टक्के. दोघांनाही असेल तर सुमारे २५ टक्के. हे आकडे रुग्णालयातल्या नोंदींवरचे आहेत, दवाखान्यापर्यंत न पोहोचलेला सौम्य आजार यात धरलेला नाही. तेव्हा खरं प्रमाण याहून थोडं वर असणार. तरीही एका पालकाला बायपोलर असलेल्या शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक मुलांना तो झाला नाही, हे राहतंच.

८० टक्केही खरे आणि ४.४ टक्केही खरे. हे कसं, ते एकदा नीट कळलं की या विषयातली निम्मी भीती कमी होते. उरलेली निम्मी रास्त आहे, तिच्याबद्दलही बोलू.

विषय आत्ता काढण्याचं कारण असं की जानेवारी २०२५ मध्ये एकाच महिन्यात दोन मोठी संशोधनं प्रसिद्ध झाली. एकात नैराश्याशी संबंधित ६९७ जनुकीय फरक सापडले, दुसऱ्यात जनुकांच्या साखळीवरच्या, बायपोलरशी संबंधित २९८ जागा. 'नैराश्याची जनुकं सापडली' अशा बातम्या फिरल्या आणि पाठोपाठ तेच प्रश्न: मग आता तपासणी करता येईल का? पोटातल्या बाळाची?

## आधी आजारांची ओळख

'मूड डिसऑर्डर' या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. नैराश्य म्हणजे किमान दोन आठवडे जवळजवळ दिवसभर उदास वाटणं किंवा कशातच रस न राहणं, आणि त्यासोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं. बायपोलरमध्ये नैराश्याच्या काळाखेरीज त्याच्या उलट टोकाचे काळही येतात: तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, रात्रीत नवा धंदा काढायचा, कर्ज काढून चार मित्रांना वाटायचं. याला उन्माद म्हणतात.

गंमत म्हणजे हे दोन आजार वेगळे मानले जाऊ लागले तेच मुळी घराण्यांच्या अभ्यासामुळे. पूर्वी दोन्ही एकाच नावाखाली मोडत. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडचे यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रुग्णांच्या नातेवाइकांची माहिती गोळा केली. ज्यांना उन्माद येतो त्यांच्या घरात उन्माद येणारे जास्त सापडले. ज्यांना फक्त नैराश्य येतं त्यांच्या घरात तसं दिसलं नाही. सीमारेषा मात्र पक्की नाही. बायपोलर असलेल्या व्यक्तीच्या सख्ख्या नातेवाइकांत प्रत्यक्षात बायपोलरपेक्षा नुसतं नैराश्यच जास्त जणांना होतं.

## ८० टक्के आले कुठून?

जुळ्यांवरून. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची इतर कुठल्याही भावंडांइतकी, म्हणजे सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. त्यामुळे एखादा आजार एकसारख्या जुळ्यांत जोडीने जास्त दिसत असेल, तर त्या जादा भागामागे जनुकं आहेत असं म्हणता येतं.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या जुळ्यांवरचा २००३ चा अभ्यास पाहा. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला बायपोलर असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण ४० टक्के होतं, वेगळ्या जुळ्यांत सुमारे ५ टक्के. तफावत एवढी मोठी आहे की जनुकांचा हात नाकारताच येत नाही. पण तोच ४० चा आकडा उलट्या बाजूनेही वाचा. जनुकं तीच, आई-बाप तेच, गर्भही तोच. तरी शंभरातल्या साठ भावंडांना बायपोलर झाला नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना नैराश्य होतं, हेही सांगायला हवं. तरीसुद्धा जनुकं सर्वकाही ठरवत असती तर हा आकडा १०० च्या जवळपास हवा होता.

अशा अभ्यासांतून बायपोलरसाठी आनुवंशिकतेचा वाटा ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान निघतो. नैराश्यासाठी तो बराच कमी आहे, साधारण ३७ टक्के.

## पण हे टक्के नेमके कशाचे?

इथेच सगळी गफलत होते. आनुवंशिकतेचा वाटा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो लोकसमूहातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो.

उंचीचं उदाहरण घ्या. उंचीतही आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. याचा अर्थ साडेपाच फुटांच्या माणसातले साडेचार फूट आई-बापांकडून आणि उरलेला एक फूट दूध-भाकरीतून आला, असा होत नाही. अर्थ एवढाच की त्या समाजात लोकांच्या उंचीत जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला बराचसा त्यांच्या जनुकांमधल्या फरकामुळे आहे. उद्या त्याच समाजात निम्म्या मुलांची उपासमार झाली तर हा वाटा घसरेल, कारण आता उंचीतले फरक अन्नामुळेही पडू लागतील. जनुकं तीच राहतील, टक्का मात्र बदलेल.

आणि वाटा मोठा म्हणजे गोष्ट हाताबाहेरची, असंही नसतं. लांबचं धूसर दिसण्याचा दोष जुळ्यांच्या अभ्यासांत चांगलाच आनुवंशिक ठरतो. तरी सोल आणि सिंगापूरसारख्या शहरांत दोन-तीन पिढ्यांत तो तरुणांमध्ये दहापैकी आठ-नऊ जणांपर्यंत पोहोचला. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. मुलांचा उन्हातला वेळ कमी झाला आणि पुस्तकांतला वाढला. आणि चष्मा लावल्यावर दिसतं की नाही? चष्म्याला आनुवंशिकतेशी काही घेणं नसतं.

## मग ८० चे ४.४ कसे होतात?

कॅनडात व्हँकुव्हरला जेहॅनीन ऑस्टिन यांनी २०१२ मध्ये खास मानसिक आजारांसाठी जनुकीय समुपदेशनाचं केंद्र सुरू केलं. तिथे येणाऱ्या कुटुंबांना समजावताना बरणीचं चित्र वापरतात. ते इतकं सोयीचं आहे की मी दुसरं शोधायच्या भानगडीत पडत नाही.

प्रत्येकाकडे एक बरणी असते असं समजा. तिच्या तळाशी जन्मतः काही ऐवज पडलेला असतो, ही आनुवंशिकता. कोणाची बरणी अगदी रिकामी नसते आणि हा थर काढूनही टाकता येत नाही. त्यावर आयुष्य आपली भर घालतं: लहानपणी झालेला छळ, जवळच्या माणसाचा मृत्यू, बाळंतपण, महिनोन्महिन्यांचं जागरण, दारू, गांजा. बरणी काठोकाठ भरली की आजाराचा झटका येतो. ही वरची भर कमी करता येते. शिवाय बरणीचा काठ उंचही करता येतो: पुरती झोप, नियमित औषध, बोलायला माणूस, हलतं-फिरतं शरीर.

आता एका पालकाला बायपोलर आहे. त्यांच्या बरणीत तळाचा थर जाड आहे असं धरू. मुलाला त्यांची निम्मीच जनुकं मिळतात, आणि कुठली निम्मी ते नशिबावर. उरलेली निम्मी दुसऱ्या पालकाची, ज्यांचा थर बहुधा सर्वसाधारण असतो. म्हणजे मुलाचा थर सरासरीहून थोडा जाड निघतो, पालकाइतका क्वचितच. आजार मुळातच विरळ, दोनशेत एकाला. थर जाड झाल्याने शक्यता नऊपट झाली तरी दोनशेत नऊच. 'नऊपट' ऐकून पोटात गोळा येतो; 'दोनशेत नऊ' ऐकून माणूस विचार करू शकतो. डॉक्टरांनी आणि बातमीदारांनी दुसरी भाषा वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात इतर काही मानसिक त्रास, विशेषतः नैराश्य आणि चिंतेचे विकार, या मुलांत इतरांपेक्षा जास्त दिसतात. बायपोलर नाही म्हणून सगळं ठीक, असं गृहीत धरू नये.

## एक जनुक सापडलं, मग हरवलं

'अमुक आजाराचं जनुक सापडलं' ही बातमी ऐकून ज्यांना तरुणपणी आनंद झाला होता, ते आज सावध का असतात ते समजण्यासाठी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जाऊ. तिथल्या लँकेस्टर परगण्यात आमिश पंथाचे शेतकरी राहतात. घोडागाडी चालवतात, दारू आणि नशेपासून दूर राहतात, आपसातच लग्नं करतात आणि वंशावळी काटेकोर जपतात. आनुवंशिकतेच्या अभ्यासाला इतका सोयीचा समाज सहसा मिळत नाही. जॅनिस इगलंड यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत त्या समाजात २६ आत्महत्या झाल्या होत्या. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश फक्त चार घराण्यांत. त्याच वेळी दुसरी काही घराणी अशीही होती जिथे मूडचे आजार भरपूर, पण आत्महत्या नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. तो विसरण्यासारखा नाही, कारण आजार आणि आत्महत्या यांचा वारसा एकच नाही असं तो दाखवतो.

१९८७ मध्ये इगलंड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जाहीर केलं की या घराण्यांतला बायपोलर अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी जोडलेला दिसतो. जगभर मथळे झाले. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच 'नेचर'मध्ये त्याच वंशावळीचा फेरतपास आला. मधल्या काळात आधी निरोगी धरलेल्या दोन व्यक्ती आजारी पडल्या होत्या आणि वंशावळीत आणखी नातेवाईक जोडले गेले होते. तेवढ्याने सगळा दुवा कोसळला. दोन माणसांच्या निदानावर उभा असलेला निष्कर्ष होता तो.

त्यातून शहाणपण यायला हवं होतं, पण २००३ मध्ये तेच पुन्हा घडलं. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. त्यातल्या ८४७ जणांच्या अभ्यासात दिसलं की मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाची 'आखूड' आवृत्ती असलेल्यांना आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्य जास्त येतं. गोष्ट सुंदर होती: जनुक एकटं काही करत नाही, आघात झाला की करतं. पाठ्यपुस्तकांत गेली, शेकडो अभ्यास झाले. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो परिणाम दिसेना. २०१९ मध्ये तर नैराश्याची म्हणून गाजलेली १८ जनुकं, काही तुलनांत चार लाखांहून अधिक लोकांमध्ये, तपासली गेली. ती कुठल्याही चिठ्ठ्या टाकून काढलेल्या जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

सुंदर गोष्ट होती म्हणून ती इतकी वर्षं टिकली, असं मला वाटतं. आघात आणि जनुक दोन्ही मिळून आजार होतो हे तत्त्व चुकलेलं नाही. चुकला तो एकच जनुक पकडून सगळं समजावण्याचा मोह.

## मग आता सापडलेले सातशे फरक काय आहेत?

पद्धत बदलली. आधी एखादं जनुक मनात धरायचं आणि तपासायचं, हे बंद झालं. आता लाखो लोकांच्या संपूर्ण जनुकसंचावरच्या लाखो जागा एकदम पाहतात आणि आजारी व निरोगी लोकांत कुठे फरक आहे ते मोजतात. एकेका जागेचा परिणाम इतका बारीक असतो की तो दिसायलाच प्रचंड गर्दी लागते. २०१३ मध्ये नैराश्याच्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर हा प्रयोग झाला तेव्हा हाती एकही जागा लागली नव्हती. २०२५ च्या अभ्यासात ६ लाख ८८ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४० लाखांहून अधिक इतर लोक होते. तेव्हा कुठे ६९७ फरक सापडले.

हे 'नैराश्याचे' फरक फक्त आजारी लोकांकडे असतात असं नाही. त्यातले शेकडो तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे आहेत, आणि ज्यांना आयुष्यात कधी उदास वाटलं नाही त्यांच्याकडेही आहेत. फरक असतो तो बेरजेत. ही बेरीज मांडून एक आकडा काढतात, त्याला पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात. नैराश्यात लोकांमधला जो फरक आहे त्यातला सहा टक्क्यांच्या आसपासच भाग हा स्कोअर आज समजावू शकतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतरांत तो आणखी अडखळतो, कारण बहुतेक माहितीच युरोपीय लोकांची आहे. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचून झाले आहेत, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एकाच घरात अनेकांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा अभ्यास चालतो. पण त्यातून दवाखान्यात वापरण्यासारखी चाचणी निघायला वेळ आहे.

म्हणून आज कोणी गालाच्या आतला फाया घेऊन 'तुमच्या मुलाला बायपोलर होईल का ते सांगतो' म्हणत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. परदेशात काही कंपन्या गर्भपिंडांचे असे स्कोअर काढून देतात. बहीण-भावांत, म्हणजे त्याच आई-बापांच्या गर्भपिंडांत, हा फरक आणखी अरुंद असतो. शिवाय बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाची जनुकीय बेरीज जास्त असलेल्या लोकांत कलावंतांचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं आइसलँडच्या माहितीत दिसलं आहे. काय वगळतो आहोत हे पुरतं न कळताच वगळायचं, हा सौदा मला पटत नाही. आजारी माणसाला 'तू कलावंत आहेस म्हणून' असं सांत्वन देणंही तितकंच नापसंत आहे.

या सगळ्यातून खरा धागा एखादाच हाती लागतो, पण तो मोलाचा असतो. २०२२ मध्ये 'एकेएपी११' नावाच्या जनुकातला एक दुर्मीळ बिघाड बायपोलरची शक्यता अनेक पटींनी वाढवतो असं दिसलं. हे जनुक पेशीतल्या ज्या प्रथिनाशी व्यवहार करतं, त्याच प्रथिनावर लिथियमचाही परिणाम होतो. बायपोलरचं सगळ्यात जुनं औषध नेमकं काय करतं, या कोड्याला त्यामुळे एक धागा मिळाला.

## "आमच्या घरात तर कोणालाच नव्हतं"

हे दोन कारणांनी म्हटलं जातं. पहिलं म्हणजे ते खरं असतं. बायपोलर असलेल्या बहुतेकांच्या आई-वडिलांना बायपोलर नसतो. बारीक-सारीक फरकांची बेरीज दोन निरोगी घरांतूनही जमू शकते.

दुसरं कारण असं की घराला ते माहीत असतं, पण त्या नावाने नाही. जे येरवड्याला किंवा रत्नागिरीला दाखल झाले तेच 'वेडे'. बाकीच्यांची नोंद वेगळ्या खात्यात. एक काका ऐन तिशीत घर सोडून बैराग्यांसोबत गेले. एक आत्या दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर माजघरातून बाहेर येत नसे, मग आपोआप बरी होई. कोणी विहिरीत 'पाय घसरून' पडलं. कोणाच्या अंगात येई. कोणी सगळी जमीन दारूत घालवली. प्रत्येक घर सोडलेल्या काकांना आज निदान चिकटवू नये, हे खरंच. काही लोक नुसतेच संन्यासी असतात. पण मानसोपचारतज्ज्ञ कौटुंबिक इतिहास विचारतात तेव्हा या गोष्टी सांगाव्यात, अर्थ लावायचं काम त्यांचं. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांचे ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना आढळले होते. आजही ही स्थिती असेल तर आजोबांच्या पिढीत निदान झालंच नव्हतं, यात नवल नाही.

'हे सगळं सुनेच्या माहेरून आलं' हे वाक्यही याच घरांत ऐकू येतं. निम्मी जनुकं बापाकडून येतात, आणि हे आजार दोन्ही बाजूंच्या शेकडो फरकांची बेरीज असतात. एका बाजूकडे बोट दाखवायला शास्त्रात जागा नाही.

## "जनुकातच आहे, तर गोळ्यांनी काय होणार?"

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावर होणारा परिणाम लिहिला. त्यांना एकाही जनुकाची माहिती नव्हती आणि लागलीही नाही. सर्वांत आनुवंशिक मानल्या जाणाऱ्या या मानसिक आजारावर सर्वांत भरवशाच्या औषधांपैकी एक आहे, आणि ते आत्महत्येचा धोकाही कमी करतं. उपचार आजाराच्या वाटेवर कुठेही शिरू शकतो, उगमापाशीच शिरावं लागत नाही.

आनुवंशिकता इथे उलट मदतीला येते. लिथियम चांगलं लागू पडणं हेही घराण्यात चालत आल्यासारखं दिसतं. वडिलांना किंवा बहिणीला ते मानवलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

## लग्नाच्या बोलण्यात काय करायचं?

हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण तो स्वतः लग्न करणाऱ्या व्यक्तीबद्दल, आणि तोही मुख्यतः विवाहाला व संततीला अपात्र ठरवण्याइतक्या गंभीर आजाराबद्दल. काकाला किंवा आईला आजार आहे, याला कायद्यात काही महत्त्व नाही. स्वतःचा आजार लपवला तर मात्र फसवणूक म्हणून लग्न रद्द ठरवण्याची मागणी होऊ शकते. त्याहून मोठं नुकसान असं की लपवलं की गोळ्या बंद होतात. सासरी पाकीट दिसू नये म्हणून मुलगी औषध सोडते, लग्नाच्या धावपळीत झोप उडते, आणि दोन महिन्यांत झटका. मग माहेरी परत पाठवतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे ही कहाणी नवीन नाही.

माझं मत: ज्याला स्वतःला आजार आहे त्याने समोरच्या माणसाला सांगावं, डॉक्टरांसमोर बसून सांगता आलं तर उत्तम. नातेवाइकांच्या आजाराची यादी बायोडेटात छापायची गरज नाही. आणि समोरच्या घरानेही मधुमेहाबद्दल, हृदयविकाराबद्दल याच कडक नजरेने विचारलं होतं का, ते आठवून पाहावं.

## हे डॉक्टरांना आठवणीने सांगा

घरात बायपोलर आहे आणि तुम्ही फक्त नैराश्यासाठी गेला आहात, तर पहिल्याच भेटीत ते सांगा. तुमचं नैराश्य हे बायपोलरचं पहिलं पाऊल असेल, तर नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने काही जणांत उन्माद उफाळू शकतो. डॉक्टर औषध वेगळं निवडतील किंवा जवळून लक्ष ठेवतील.

बाळंतपणापूर्वी तर नक्कीच. बायपोलर असलेल्या साधारण पाचपैकी एका स्त्रीला बाळंतपणानंतर तीव्र झटका येतो, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि आई किंवा बहिणीला असं झालं असेल तर धोका वाढतो. हे आधी माहीत असेल तर रात्री बाळ कोण सांभाळणार, आईला सलग झोप कशी मिळणार, औषध कधी सुरू करायचं हे ठरवता येतं. गर्भधारणेचा विचार असेल तर चालू औषधांबद्दल आधी बोला, कारण बायपोलरसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपायकारक आहे. मनाने एकदम बंद मात्र करू नका, त्यातून झटका येतो.

एका ठिकाणी जनुकीय तपासणी खरंच उपयोगी आहे. कार्बामाझेपिन हे बायपोलरमध्येही वापरलं जाणारं औषध काही लोकांत त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया देतं, आणि आशियाई वंशाच्या लोकांत तिचा संबंध 'एचएलए-बी*१५:०२' या जनुकीय प्रकाराशी आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ पासून अशा रुग्णांची आधी तपासणी करायला सांगितलं आहे. हे औषध सुरू होणार असेल तर विचारा.

विम्याबद्दल थोडक्यात: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं.

## मुलांना कधी सांगायचं?

मुलं आई-बाबांची रात्रीची कुजबुज ऐकून आधीच काहीतरी ओळखतात, आणि जे ओळखतात ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. दहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: बाबांना एक आजार आहे, त्यावर औषध चालू आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही.

बारावीनंतर पुण्याला किंवा मुंबईला वसतिगृहात निघालेल्या मुलीला जास्त सांगायला हवं, कारण बायपोलर बरेचदा पंचविशीच्या आतच डोकं वर काढतो आणि नेमकी त्याच वयात झोप सगळ्यात आधी हरवते. तिला सांगा की शंभरातल्या पाचेकांना होतो, पंचाण्णवांना नाही. परीक्षेसाठी सलग रात्री जागू नकोस. गांजा इतरांना झेपतो तसा तुला झेपेलच असं नाही, दूरच राहा. दोन-तीन रात्री झोप आली नाही आणि तरी अंगात भलताच उत्साह वाटतोय, किंवा दोन आठवडे उठावंसंच वाटत नाही, तर आम्हाला फोन कर. आम्ही रागावणार नाही आणि घाबरणारही नाही. आमच्याशी बोलावंसं वाटलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो तिच्या फोनमध्ये निघण्याआधीच साठवून द्या.